झालरीखालच्या दोन मेणबत्त्या

मेणबत्तीला माझ्या चुलत सासऱ्यांएवढा मान साऱ्या नाशकात कुणी दिला नसेल. आम्ही सुना त्यांना मामा म्हणायचो. देवळाली कॅम्पात एका साहेबाच्या बंगल्यावर ते वाढप्याचं काम करत. टेबलावरची उरलेली मेणबत्त्यांची थोटकं साहेबाला विचारून, रुमालात बांधून घरी आणत. सुट्टीच्या दिवशी पातेल्यातल्या गरम पाण्यात थोटकांचा डबा ठेवायचा, आणि वितळलेलं मेण पत्र्याच्या नळीत सुती दोरा सोडून ओतायचं. डबा सरळ स्टोव्हवर ठेवू का विचारलं तर म्हणत, "मेण तेलासारखं भडकतं, पोरी." विकत घ्यायची वेळ आलीच तर प्रत्येक मेणबत्ती नखानं दाबून, वास घेऊन, वात ओढून बघत. पंचवटीतला दुकानदार एकदा वैतागला, "बाबा, मेणबत्ती घेताय का म्हैस?" मामा शांतपणे म्हणाले, "म्हैस घर पेटवत नाही."

घरी बुद्धवंदनेची मेणबत्ती पाणी घातलेल्या ताटलीत उभी राहायची. वात आधी कात्रीनं गव्हाच्या दाण्याएवढी कापायची, पडद्याला गाठ मारायची, बायकांनी पदर खोचायचे. सासूबाई म्हणत, "भाऊजी, वंदना करायचीय का बंब बोलवायचाय?" आणि ती जळते आहे तोवर कुणीतरी जवळ बसायचंच. बसायची मीच. मी बुजरी, चौथी शिकलेली. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मी स्वयंपाकघरात जायचे. मेणबत्तीशी बोलावं लागत नसे.

मग नणंदेचं लग्न निघालं. मुलाकडचे कळवणचे. हॉल छान सजवला होता, फोटोंपुढे दोन मेणबत्त्या लावल्या होत्या. त्रिशरण सुरू झालं आणि मामांनी पुढे जाऊन दोन वाट्या उलट्या घालून दोन्ही विझवल्या! मुलाचा बाप ताडकन उठला, "ह्ये म्हातारं कोण हाय? भर लग्नात उजेड इझवतंय! चला रे, लग्न नाय करायचं." वऱ्हाड चपला शोधू लागलं. नणंद रडायला लागली, आमच्या पुरुषांनी माना खाली घातल्या. मामा वाट्या धरून तिथंच उभे राहिले.

मी कशी उभी राहिले, मला अजून कळत नाही. म्हणाले, "मामांना बोलू नका. आधी वर बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. मेणबत्त्यांच्या डोक्यावरच कागदाची झालर लोंबत होती, आणि तिची खालची कड तपकिरी झाली होती. मुलाच्या बापानं बोट लावलं तर तुकडा गळून पडला. त्यानं स्वतःच टेबल ओढून बाजूला घेतलं आणि म्हणाला, "लावा बाबा, तुमच्याच हातानं लावा."

त्या लग्नातल्या थोटकांची मामांनी एक जाड मेणबत्ती ओतली. मला वाटलं नणंदेला देतील. दिली मला. "वैशाख पौर्णिमेला लावत जा. थोडाच वेळ. पुरव."

मामा जाऊन पाच वर्षं झाली. मेणबत्ती आता अंगठ्याच्या पेराएवढी उरली आहे. आज पौर्णिमा, मघाशी लावली. ती जळते आहे तोवर उठायचं नाही, म्हणून बसल्या बसल्या हे लिहिलं. मामांबद्दल अजून पुष्कळ आठवतंय, पण वाटी घालायला हवी. पुढच्या वर्षालाही थोडी राहू दे.