पवळ्याला आलेलं पत्र

तर काल गोष्ट सांगता सांगता मी ढवळ्याच्या चष्म्यापाशी थांबलो होतो. आमचा ढवळ्या बैल जाऊन चाळीस वर्षं झाली, पण माझ्या मोबाईलवर दरवर्षी नेमानं ई-मेलचं पत्र यायचं, "प्रिय ढवळ्याजी, आपले डोळे तपासून वर्ष झालं. सवडीनं या." मी मोठ्यानं वाचायचो आणि घरदार हसायचं. काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो, ही करामत माझ्या पुतणीची.

तिला घरात ठिगळी म्हणतात. लहानपणी फाटकं काही दिसलं की सुई घेऊन बसायची. एकदा माझा सदरा अंगातच शिवला, तो बनियनसकट. पुढं ती तीन शाखांच्या एका चष्म्याच्या दुकानात पावत्या लिहायला लागली. मालक म्हणाले, "गिऱ्हाइकाला आपली आठवण राहील असं काहीतरी कर." पत्रं पाठवून देणाऱ्या कंपन्या असतात, पण त्यांचं भाडं नावांच्या संख्येवर. मालक उखडले. "गिऱ्हाईक वाढलं की दंड? हा कुठला न्याय!"

मग ठिगळीनं हिशेबनीसानं टाकून दिलेला कॉम्प्युटर उचलला आणि मागच्या खोलीत ठेवला, काचा घासायच्या यंत्राशेजारी. यंत्राचं पाणी उडतं म्हणून खाली दोन विटा. त्यात तिनं ओपन सोर्सची, म्हणजे फुकटात मिळणारी सॉफ्टवेअरं बसवली. मी गावच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेला. मला तिनं असं समजावलं, "काका, विहीर गावाची. पाणी फुकट, पण पोहरा आपला, दोर आपला आणि ओढायचंही आपणच." एक सॉफ्टवेअर पत्रं पाठवायला, एक तपासणीची वेळ नोंदवायला, आणि एक कुणी कुठलं पत्र उघडलं ते मोजायला. तिन्ही एकमेकांना जोडायला आठ महिने लागले. पहिली सहाशे पत्रं तर लोकांच्या कचऱ्याच्या कप्प्यात गेली. नव्या पत्त्यावरून एकदम एवढी पत्रं आली की पलीकडच्या यंत्राला पाठवणारा चोर वाटतो. मग तिनं रोज वीस, मग चाळीस, मग शंभर असं चढवत नेलं, नवी सून आवाज चढवत नेते तसं. सहा वर्षांत चार हजार दोनशे नावं झाली.

आता ढवळ्या. पत्र नीट पोचतं का हे कळावं म्हणून ती यादीत एक खोटं गिऱ्हाईक ठेवायची. नाव बैलाचं, पत्ता माझा. आणि यादीची नक्कल कुणाला द्यायची झाली, तर त्या नकलेत ती ढवळ्याला काढून दुसरा बैल बांधायची. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

मग दुकानात मालकांचे जावई आले. हातात दोन फोन आणि तोंडात एकच वाक्य, "हे असं चालत नाही आजकाल." तिच्या कॉम्प्युटरला ते खटारा म्हणायचे. एके दिवशी यादीची नक्कल मागितली. मालकांनी मान हलवली, तिनं दिली.

महिन्याभरानं मला एक पत्र आलं, कानाच्या मशिनवाल्याचं. "प्रिय पवळ्याजी, ऐकू कमी येतं का?" अहो, पवळ्या म्हणजे ढवळ्याचा जोडीदार! मी इतका हसलो की ठसका लागला. न्हाव्याला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, बँकेच्या रांगेत अनोळखी माणसाला सांगितलं. ठिगळीला तेवढं सांगितलं नाही. ती रविवारी यायची होती, समोर बसवून रंगवून सांगू म्हटलं. गोष्ट चांगली असली की माणूस ती राखून ठेवतो.

ती शुक्रवारीच आली. डोळे सुजलेले.

झालं होतं असं. गिऱ्हाइकांकडून तक्रारी आल्या की आम्हाला भलत्याच दुकानांची पत्रं येतात, आमचे पत्ते बाहेर गेले कसे? जावई म्हणाले, "यादी कुणाच्या हातात असते?" मालकांनी तिला त्याच दिवशी काढलं. आणि तेवढ्यावर भागलं नाही. जावयांनी तिच्याच कॉम्प्युटरवरून, तिच्याच यादीला पत्र पाठवलं. दुकानातल्या अमुक बाईंनी तुमचे पत्ते विकले, त्यांना कामावरून काढलं आहे, क्षमस्व. 'अमुक'च्या जागी तिचं पूर्ण नाव.

मी तिला बरं वाटावं म्हणून पवळ्याचं पत्र काढलं. तिनं मोबाईल हातात घेतला आणि पत्र दोनदा वाचलं.

"हे कधी आलं, काका?"

"झाले की चारपाच दिवस."

"पवळ्या फक्त जावयांच्या नकलेत होता."

गावभर सांगितलं, आणि जिच्यासाठी ते पत्र होतं तिलाच नाही.

दुसऱ्या दिवशी ती पत्राचा कागद घेऊन मालकांकडे गेली. मालकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "समजलं मला. पण मुलीचा संसार आहे. घरातली गोष्ट घरात राहू दे." जावई तिथंच राहिले, ठिगळी बाहेर. तीन ठिकाणी ती नोकरी मागायला गेली. एका औषधाच्या दुकानात तर बाई हसून म्हणाल्या, "आमचा चष्मा तिथलाच आहे हो." पुढं विचारायचं काही राहिलंच नाही.

चार महिन्यांनी मालकांचा फोन. पत्रं जाईनात, वेळा नोंदल्या जाईनात, जावयांनी तीन माणसं आणली, कुणाला उमगेना. मी म्हटलं, "जाऊ नकोस, कुजू दे." ती म्हणाली, "मी बसवलंय ते." तेव्हा मीही काठी घेऊन बरोबर गेलो.

विटा तशाच होत्या. कॉम्प्युटरवर मात्र धुळीचा थर. तिनं पाऊण तास पाहिलं. मोजणीच्या नोंदी साचून साचून आत जागाच उरली नव्हती. ती असताना दर महिन्याला झाडायची, नंतर कुणी हात लावला नव्हता. जुन्या नोंदी काढल्या, यंत्र चालू झालं. मग एका पडद्यावर ती थबकली आणि खुर्ची मागं सारून बसली.

मालक खूश. "अगं, तुझ्यासारखं कुणी नाही बघ. उद्यापासून ये. पगार वाढवतो. जावई आता दुसऱ्या शाखेत बसतील, तुला तोंडही बघावं लागणार नाही."

"पगार आहे तेवढाच द्या," ती म्हणाली. "एक पत्र पाठवा फक्त. त्याच चार हजार दोनशे जणांना. मी पत्ते विकले नाहीत, एवढीच एक ओळ. कुणी विकले ते लिहू नका."

मालक माझ्याकडे बघायला लागले, जणू मी शहाणा माणूस आहे. "काका, तुम्ही तरी सांगा हिला. लोक विसरलेसुद्धा असतील. एवढ्या पत्रांत ते एक पत्र कोण वाचतो? कशाला खपली काढायची?"

ठिगळीनं पडदा त्यांच्याकडे वळवला, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, "मालक, सहा वर्षं मी जीव ओतून पत्रं लिहिली, त्यातलं एकही दीड हजारांच्या वर कुणी उघडलं नाही. हे एक तीन हजार एकशे बारा जणांनी उघडलंय. मोजणी मीच बसवलीये, ती खोटं बोलत नाही."