अण्णांचं टॅपेट कव्हर

आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर दोनच गोष्टी घासल्या: शाळेतली पोरं आणि आमच्या जुन्या गाडीचं टॅपेट कव्हर. पोरांचं काय झालं ते अख्ख्या मुरुडला माहीत आहे. कव्हर मात्र आरशासारखं झालं.

हे कव्हर म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं ॲल्युमिनियमचं झाकण. मुळात खरबरीत आणि राखाडी. अण्णांनी पॉलिशपेपर मारून मारून त्यात तोंड दिसेपर्यंत आणलं. मग दर रविवारी पॉलिश, आणि शेवटी आमच्याच वाडीतल्या खोबरेल तेलाचा हात. इथल्या हवेत मीठ. जरा हयगय केली की ॲल्युमिनियमवर पांढरी बुरशी धरते. बॉनेट लावल्यावर हे वैभव कोणाला दिसणार, असं मी त्यांना दर रविवारी चिडवायची. "मला दिसतं ना," म्हणायचे आणि काळं झालेलं बोट माझ्या नाकाला लावायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली. बोलणं परत आलं, पाय फरफटत का होईना आला, हात अर्धाच आला. कव्हर पांढरं पडत चाललं. अण्णा उघड्या बॉनेटसमोर खुर्ची टाकून नुसते बसून राहायचे. मला ते बघवेना. पुन्हा घासायलाच लागू नये असं काहीतरी त्याला लावून आणायचं मी ठरवलं.

मी बोर्ली पंचतनला शाळेत शिकवते. रोज आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरते आणि पुढे जाते. कव्हर काढून घेतलं आणि बोर्लीतल्या गॅरेजवाल्याकडे नेलं. त्याने मशीनवर ते लख्ख करून दिलं आणि म्हणाला, "ॲनोडायझिंगचा थर टिकंल, पन त्यात हा आरसा जाईल. पावडर कोटिंगला भट्टी लागते, ती आपल्याकडं न्हाय. क्लिअर लॅकर मारू, म्हंजी पारदर्शक वार्निश, चमक ऱ्हाईल. पन ताई, तेलाचं बोट बी लागलेलं नको, न्हायतर धरनार न्हाय. आज हवा दमट हाय, उद्या मारतो. घरी नेऊन मास्तरांना दाखवा."

दाखवलं. अण्णा खूश झाले. सकाळी मी निघायच्या आत त्यांनी डाव्या हाताने कव्हराला खोबरेल लावून ठेवलं होतं. म्हणाले, "बोटीवर खारं वारं लागेल, बाय." मी फेरीबोटीवर ओढणीने खसाखसा पुसलं. गॅरेजवाल्याने विचारलं, "तेलबिल न्हाय ना?" म्हाताऱ्या बापाची तक्रार परक्यासमोर कुठे करायची म्हणून मी "नाही" म्हटलं. मास्तरांच्या घरचा शब्द म्हणून त्याने न धुता तसंच लॅकर मारलं.

कव्हर घरी आलं ते काचेसारखं. अण्णांनी त्यावर बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "काळं येत नाही."

"यायलाच नको. आता तुम्ही आराम करा."

चार महिन्यांत लॅकरखाली पांढऱ्या रेघा पसरल्या. अण्णा फडकं घेऊन त्या पुसायला बसायचे. पुसल्या जाईनात. "हे आतून आलंय," ते म्हणाले, तरी पुढच्या रविवारी पुन्हा बसले. हे का झालं ते मला माहीत होतं, आणि मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. शेवटी एकदाचं मी सांगून टाकलं: तेल राहिलं होतं, आणि मी खोटं बोलले.

त्यांनी दुसरं वाक्य ऐकलंच नाही. "म्हणजे माझ्याच हाताने झालं," एवढंच म्हणाले. मी तीनदा समजावलं. माझी चूक मला परत मिळाली नाही.

गॅरेजवाला धुऊन पुन्हा मारून द्यायला तयार होता. अण्णांनी ऐकलं नाही. "सगळं काढून आण. मी घासतो." लॅकर काढून आणलं. तेव्हापासून दर रविवारी ते डाव्या हाताने उजवा हात कव्हरावर ठेवतात आणि तो जाईल तितकं घासतात. तेवढा भाग उजळतो, बाकीचा पांढरा. एकदा त्यांची दुपारची झोप साधून मी उरलेलं घासून ठेवलं. त्यांनी पाहिलं, "झालं तर मग," म्हणून फडकं घडी करून ठेवलं, आणि पुढचे दोन रविवार बॉनेटकडे फिरकलेच नाहीत. त्या दोन रविवारांत त्यांनी जेवणही धड केलं नाही. पांढरं पुन्हा दिसायला लागलं तेव्हा कुठे उठले. त्यानंतर मी हात लावलेला नाही.

पावसाआधी तो उजळ भाग दोन वितींचा होता. दिवाळीत एक वीत राहिला. काल त्यांनी काळं बोट माझ्या नाकाला लावलं आणि विचारलं, "दिसतंय का तोंड?" मी वाकून पाहिलं. आता त्यात माझा एकच डोळा मावतो. मी म्हटलं, "दिसतंय, अण्णा."