वरवंट्याची बदली

आमच्या घराण्यात आजवर कुणाचंही नाव आजीच्या वरवंट्याशिवाय ठेवलं गेलेलं नाही, आणि आमच्या इमारतीत गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या परवानगीशिवाय कुणी गाडी धुतलेली नाही. या दोन गोष्टींची गाठ एके दिवशी आमच्याच संडासात पडेल, असं मात्र मला वाटलं नव्हतं.

आधी गाडीचं सांगतो. मी बँकेतून निवृत्त झालो आणि त्याच उन्हाळ्यात हैदराबादचं पाणी आटलं. (दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही, पण सुनंदा, म्हणजे आमची सौ., तो जोडते.) बोअर कोरडी पडली, टँकर बोलावला की येईल तेव्हा येऊ लागला आणि वरून पाणीपुरवठा खात्याचा हुकूम आला, पिण्याच्या पाण्यानं गाड्या, अंगणं धुवाल तर दंड! इमारतीची मीटिंग झाली. पाणी समितीचा अध्यक्ष कोण होणार, असं विचारल्यावर सगळे मोबाइलमध्ये बघायला लागले. माझा मोबाइल घरी चार्जिंगला होता. मी अध्यक्ष झालो.

झालो तो मनापासून झालो. मी लिफ्टमध्ये नोटिसा लावल्या. गळणारे नळ चोवीस तासांत दुरुस्त करा, अशी तंबी दिली. पाइप लावून स्कूटर धुणाऱ्या एका तरुणावर मी गच्चीवरून "क्या कर रे मियाँ!" असा ओरडलो की तो पाइप तसाच टाकून पळाला, आणि ते पाणी बंद करायला मलाच चार मजले उतरावे लागले.

मग कुठंतरी वाचलं की घरातलं सगळ्यात जास्त पाणी संडासात जातं. फ्लशच्या टाकीत एखादी जड वस्तू ठेवली की ती जागा अडवते, टाकी कमी पाण्यात भरते आणि दर वेळी तेवढं पाणी वाचतं. लोकांना सांगण्याआधी स्वतः करावं, या तत्त्वानं मी हॉलजवळच्या संडासातली टाकी उघडली. पाण्याची बाटली ठेवली, ती पाणी बंद करणाऱ्या प्लास्टिकच्या फुग्याखाली आडवी झाली. वीट ठेवली, ती विरघळली आणि आठवडाभर आमच्या संडासात गोदावरीला पूर आल्यासारखं पाणी येत राहिलं. आता विरघळणार नाही, तरंगणार नाही, असा गुळगुळीत, लांबट, जड दगड हवा होता. तो मला बाल्कनीत कढीपत्त्याच्या कुंडीमागं पिशवीत गुंडाळलेला सापडला.

तो वरवंटा होता. आईला तिच्या सासूनं दिलेला. नांदेडहून इकडं आलो तेव्हा पाटा जड म्हणून तिकडंच राहिला आणि नुसता वरवंटा आईच्या मांडीवर बसून रेल्वेनं नामपल्ली स्टेशनवर उतरला. वाटण मिक्सरमध्ये होतं, पाटा नाही, त्यामुळं तो निवृत्त. मीही निवृत्त. म्हटलं, दोघांनाही काहीतरी काम हवंच! आई तेव्हा नांदेडला बहिणीकडं गेली होती, त्यामुळं विचारण्याचा प्रश्न आला नाही. (हे वाक्य मी पुढं बऱ्याच वेळा आणि बऱ्याच लोकांपुढं म्हटलं. ते कुणालाच पटलं नाही.)

वरवंटा टाकीत असा बसला, जणू त्याच्याच मापानं टाकी केली होती. मी फोटो काढला आणि इमारतीच्या ग्रुपवर टाकला, 'आजपासून प्रत्येक घरात एक दगड!' ढीगभर अंगठे आले. सुनंदानं तो ग्रुप माझ्याच मेसेजेसमुळं बंद करून ठेवला होता, म्हणून तिला पत्ता नव्हता. आई यायच्या आत काढून ठेवू, असं मी ठरवलं आणि विसरलो.

आमची लेक मेघना बाळंतपणाला आली आणि मुलगी झाली. बारसं आमच्याकडं ठरलं. पुण्याहून जावई, व्याही, विहीणबाई येणार. विहीणबाई फार शिस्तीच्या. फोनवर त्यांनी पाळणा लाकडी की लोखंडी तेही विचारून घेतलं होतं. नांदेडहून आई आली. ऐंशी पार केलेली, पण आवाज अजून लाउडस्पीकरचा.

बारशाच्या सकाळी तिनं पहिला प्रश्न विचारला. "वरवंटा कुठाय रे?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं बाळाला पाळण्यात घालण्याआधी वरवंट्याला न्हाऊ घालतात, झबलं-टोपडं घालतात, तीट लावतात. मग बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बाळ आणि वरवंटा एकमेकींच्या हातात देतात-घेतात. पोर वरवंट्यासारखं टणक व्हावं, दीर्घायुषी व्हावं, म्हणून.

"आजेसासऱ्यांपासून सगळ्यांची बारशी त्यानं केली," आई म्हणाली. "माझ्या पणतीचं त्याच्याशिवाय व्हायचं नाही. मी जिवंत असताना तर नाहीच."

घर उपसायला सुरुवात झाली. कुंडीमागं नाही, माळ्यावर नाही, दिवाणाखाली नाही. मी सगळ्यांत जोरात शोधत होतो. मला खरंच आठवत नव्हतं! उलट मी सुनंदावरच तडकलो. "घरात एक वस्तू जागेवर सापडेल तर शपथ!"

"अहो, बेगम बाजार काही लांब नाही. नवा आणा, आहे काय नि नाही काय," ती म्हणाली.

आईनं ऐकलं. "बेगम बाजारात वरवंटा मिळेल. माझ्या सासूबाईंचा मिळेल का?" असं म्हणून ती पाळण्याजवळच्या खुर्चीत जाऊन बसली आणि पदरानं डोळे टिपायला लागली. आई भांडते तेव्हा मी निर्धास्त असतो, ती गप्प झाली की मला काही सुचत नाही. पाहुणे यायला लागले होते. विहीणबाई हातात चांदीचा वाळा घेऊन घड्याळाकडं बघत होत्या. काही सुचेना म्हणून मी संडासात गेलो, काम झाल्यावर फ्लश ओढला आणि टाकीतून 'टण्ण' असा आवाज आला.

मला एकदम सगळं आठवलं.

झाकण काढलं. वरवंटा आत शांत पडला होता. अंगावर हिरवं शेवाळ चढलेलं, म्हणजे गडी चांगलाच रुळला होता. मी दोन्ही हात घातले, ओढला, तर तो फुग्याच्या दांडीखाली अडकलेला. देवाचं नाव घेऊन हिसका दिला. वरवंटा आला आणि दांडी वाकडी झाली. आता फुगा पुरता वर येईना, पाणी थांबेना आणि टाकीतलं जास्तीचं पाणी खळखळ खाली भांड्यात वाहायला लागलं. खालचा कॉक फिरवला, तो जाम. (गळणारे नळ चोवीस तासांत दुरुस्त करायची तंबी मी इतरांना दिली होती.)

गच्चीवरच्या टाकीत जेमतेम दुपारपर्यंतचं पाणी, टँकर संध्याकाळी, घरात पन्नास पाहुणे, आणि पाणी समितीच्या अध्यक्षाच्या संडासात धबधबा! मी हातानं फुगा वर उचलला. पाणी थांबलं. सोडला, सुरू झालं. उचलला, थांबलं. म्हणजे आता एका हातात फुगा, दुसऱ्या हातात शेवाळलेला वरवंटा आणि मी जागेवरून हलू शकत नाही.

दारावर टकटक झाली. व्याही होते. "अं... वेळ आहे का हो?"

"आहे थोडा. तुम्ही बसा ना निवांत. आणि जरा सुनंदाला पाठवता?"

बाहेर दोन पावलं मागं सरकल्याचा आवाज आला. मग "बरं," असं अगदी हळू ऐकू आलं.

सुनंदा आली. मी पायाच्या अंगठ्यानं कडी काढली.

"अहो, आत करताय काय?"

"पाणी वाचवतोय."

तिनं माझ्या एका हाताकडं बघितलं. मग दुसऱ्या हाताकडं बघितलं. तोंडाला पदर लावून ती मटकन खाली बसणार होती, पण बसायला तिथं एकच जागा होती. "माझ्या सासूबाईंच्या सासूबाईंचा वरवंटा! इथं?"

"हळू बोल. घासून घे, टोपडं घाल, कुणाला कळत नाही. आईला सांग कढीपत्त्याच्या कुंडीमागं मिळाला."

"आणि तुम्ही?"

"मी हा फुगा धरतो."

ती वरवंटा पदराखाली झाकून बाहेर पडली. दारात व्याही उभे होतेच. आम्हा दोघांना त्या एवढ्याशा जागेत बघून त्यांनी नजर छताकडं वळवली. पुण्याची माणसं सभ्य असतात, हे मान्य करायला हवं.

मी पुन्हा कडी लावली. बाहेरचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. "मिळाला गं बाई!" हा आईचा आनंदानं फुटलेला आवाज आला, तेव्हा माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. चिंच, साबण, गंगाजल, तेल, सगळे सोपस्कार झाल्याचं सुनंदानं नंतर सांगितलं. झबलं चढलं, तीट लागली, पाळण्यापाशी बायका जमल्या, देवघेव सुरू झाली. विहीणबाईंच्या हातून वरवंटा खालच्या मजल्यावरच्या रझिया आपांच्या हातात गेला. आपा आमच्या जुन्या शेजारीण, हौशी, आणि इमारतीच्या ग्रुपवरचा प्रत्येक मेसेज वाचणाऱ्या एकमेव व्यक्ती.

"अई!" त्यांचा आवाज आला. "ये तो वसंतभाई के फ्लश का पत्थर है ना जी? ग्रुप पे फोटू डाले थे नै? टोपी पैन के कित्ता अच्छा दिख रा!"

पाळण्याची करकर थांबली.

"फ्लशचा म्हणजे?" विहीणबाईंनी विचारलं. आपा उत्साही. त्यांनी मोबाइल काढून फोटो दाखवला.

"वसंता!" आई गरजली. "बाहेर ये!"

"येता येत नाही गं!" मी आतून ओरडलो. "पाणी वाया जाईल!"

आईनं दोनच शब्द काढले, ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. बाळ रडायला लागलं. विहीणबाई म्हणाल्या, "आता काय करायचं? आमच्याकडं असलं चालत नाही हो." मेघनाचा हुंदका ऐकू आला. फुगा सोडून बाहेर पळावं आणि सगळ्यांचे पाय धरावेत असं वाटलं. पण मी अध्यक्ष. धरून राहिलो.

तेवढ्यात आईच बोलली. तिचा मान पणाला लागला की तिच्या अंगात दहा वकील येतात. "विहीणबाई, टाकीत पाणी कुठलं येतं?"

"नळाचंच ना."

"आणि पितो ते?"

"तेच."

"मग! भांड्यात नव्हता तो, टाकीत होता. इतके महिने पिण्याच्या पाण्यात बुडून बसलाय. देवांना रोज पळीभर पाणी मिळतं, याला टाकीभर मिळालं. सुने, घासलास ना?"

"चिंचेनं, आई. साबणानंही."

"झालं तर! सोवळंच सोवळं. द्या इकडं. पोरगी रडून लाल झाली."

पाळणा पुन्हा करकरायला लागला. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, टाळ्या वाजल्या. माझ्या पहिल्या नातीचं बारसं भिंतीपलीकडं चाललं होतं आणि मी प्लास्टिकचा फुगा धरून उभा होतो. फार वाईट वाटलं हो. न राहवून दाराकडं तोंड करून हाक मारली.

"व्याहीबुवा, आहात का?"

"आहे," बाहेरून बिचारे म्हणाले. त्यांची निकड अजून तशीच होती.

"मुलीचं नाव काय ठेवलं?"

"रेवा."

"छान आहे."

"हो. ... वेळ आहे का अजून?"

शेवटी आईच दाराशी आली. तिनं आत डोकावून फुग्याकडं बघितलं आणि म्हणाली, "सुतळीनं बांध की रे तो वर!" सुतळी आली, फुगा बांधला, पाणी थांबलं. व्याही माझ्या अंगावरूनच आत गेले.

वरवंटा आता आईच्या उशाशी असतो, टोपड्यासकट. आईनं नांदेडला परतण्याचा बेत रद्द केलाय, कारण म्हणे घरात एक माणूस भरवशाचा हवा. तिची खुर्ची तिनं हॉलमध्ये संडासाच्या दारासमोर हलवून घेतली आहे. मी तिकडं निघालो की ती काठी आडवी धरते. मग मी, वय वर्षं एकसष्ट, निवृत्त शाखाधिकारी, अध्यक्ष, पाणी समिती, दोन्ही हात उताणे करून तिला दाखवतो. रिकामे असल्याची खात्री पटली की ती काठी बाजूला घेते, आणि मला आत सोडते.