ट्रकचं बीपी

कमलमावशी भेटल्या की "कसा आहेस?" असं कधी विचारत नसत. सरळ मनगट धरायच्या, घड्याळाकडे बघायच्या आणि मग म्हणायच्या, "बरा हायेस. चहा टाक." अकोल्यात परिचारिका म्हणून जन्मभर नोकरी झाली, निवृत्तीही झाली, पण हात काही निवृत्त होईना. पोस्टमन असो की माझ्या रोपवाटिकेत कलमं न्यायला आलेलं गिऱ्हाईक, सूट कुणालाच नव्हती. शेजारच्या मुलीच्या साक्षगंधात त्यांनी नवरदेवाचंच मनगट धरलं आणि भरमांडवात जाहीर केलं, "पोरगा भेलेला हाय, पण तब्येत ठणठणीत."

त्यांचे यजमान सैन्यात ड्रायव्हर होते. घरी परतल्यावर त्यांनी लिलावातून लष्कराचा एक जुना हिरवा ट्रक घेतला. ते गेले तेव्हा आम्हाला वाटलं, आता ट्रकही जाणार. मावशींनी अवजड वाहनाचं लायसन काढलं! साडीवर यजमानांचा खाकी शर्ट चढवून त्या ट्रक चालवायला लागल्या. पुण्याहून मुलाचा फोन यायचा, "आई, दे ना तो भंगारात." मावशी म्हणायच्या, "तुले काय मागून राह्यला तो? खायले?"

हा ट्रक खरा लागायचा पावसाळ्यात. धारणीच्या पलीकडच्या डोंगरातल्या गावांत मावशी आणि त्यांच्या नोकरीतल्या जुन्या मैत्रिणी आरोग्य तपासणीला जात. त्या वर्षी उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसांचे डोळे तपासून झाले होते, चष्मेही बनून आले होते. पण तोवर पाऊस लागला. वाटेतल्या नाल्याला पाणी, आणि त्यातून पार होणारी गाडी एकच.

निघायच्या आदल्या दिवशी मावशी आणि मी पातूरच्या रस्त्याला ट्रक फिरवून पाहायला नेला. चढावर ऑइलच्या दाबाचा काटा घसरायला लागला. मावशींनी तिथेच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं.

"बीपी पडलं," त्या म्हणाल्या.

"पुढे ढाब्यापर्यंत तरी नेऊ," मी म्हटलं.

"दाब नाही म्हंजे वर तेल पोचून नाही राह्यलं. अशीच दामटली तर आतल्या आत घासून मरन ते इंजिन."

ट्रक दोरानं ओढत रफिकभाईच्या गॅरेजात आणला. रफिकभाई म्हणजे या ट्रकचा जुना मिस्त्री आणि मावशींचा हक्काचा भांडणारा. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मावशी, बेरिंग गेले. इंजिन उतरवा लागते. उद्याचं इसरा."

मी ट्रकमध्ये आधीच चढवून ठेवलेल्या चष्म्यांच्या खोक्यांकडे बघत बसलो. मावशींनी मात्र बाही वर केली. "आधी मोज, मंग रडू," त्या म्हणाल्या. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. वॉर्डात घाबरलेल्या नातेवाइकांनाही त्या हेच ऐकवायच्या.

आधी तेलाची पट्टी काढून पाहिली. तेल पुरेसं होतं. बोटावर घेऊन वास घेतला, त्यात डिझेल उतरलेलं नव्हतं. मग ट्रकचा काटाच खोटं बोलत असेल म्हणून रफिकभाईनं स्वतःचा दाबमापक इंजिनाला जोडला. इंजिन सुरू करून रेस दिली, तर तोही तेच सांगू लागला. काटा खरा होता. रफिकभाई म्हणाला, "पाह्यलं? मी म्हनत होतो."

"थांब. गरम होऊ दे अन् हळू चालव."

इंजिन चांगलं तापलं. हळू चालत असताना दाब बरोबर होता. रफिकभाईनं रेस वाढवली, तसा काटा खाली आला. पुन्हा हळू केलं, काटा वर. मावशी वाकून बघत होत्या. "बसून हाय तोवर ठीक, पयाली का धाप लागते. काहून रे?"

रफिकभाईनं रेस पुन्हा एकदा कमीजास्त करून पाहिली. मग एकदम त्याचा आवाज चढला. "बेरिंग गेले असते तर गरम इंजिनात हळू असतानीच दाब पडला असता! हे उलटं हाय, मावशी. पंपाले तेल वढता येऊन नाही राह्यलं. खाली जाळी तुंबली!"

इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. तेल ओढून घेणाऱ्या जाळीवर काळ्या रबरासारख्या चिंध्या चिकटल्या होत्या. रफिकभाईनं एक चिमटीत धरली आणि त्याचा चेहराच उतरला. उन्हाळ्यात चेंबर गळत होतं, तेव्हा त्यानंच सांधा बुजवायची पेस्ट लावून ते बसवलं होतं. जास्तीची पेस्ट आत सुटून जाळीत अडकली होती.

"मावशी, हे तं माह्याच हातचं हाय."

मी मावशींकडे बघितलं. त्या कडक बोलायच्या, वॉर्डबॉय त्यांना टरकून असत. त्यांनी रफिकभाईच्या पाठीवर थाप मारली. "तुह्या हातचं हाय म्हून तं तुले ओळखू आलं. धू आता. पेस्ट जराशीच लाव, पोळीवर तूप वाढल्यासारखी नको."

रफिकभाई एवढा हसला की पाना हातातून सुटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अकोटमार्गे घाट चढलो, नाला पार केला. काटा जागचा हलला नाही. गावात समाजमंदिरात माणसं वाट बघत होती. मावशी एकेकाच्या कानावर चष्मा चढवत होत्या. एक कोरकू आजी पुढे आली. मावशींची आणि तिची कितीतरी वर्षांची ओळख. तिनं चष्म्यातून आधी स्वतःचे हात पाहिले, मग मावशींच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "अरे बाई! तू तो बुढ्ढी हो गई!"

सगळं समाजमंदिर हसलं. मावशी तर हसता हसता खालीच बसल्या.

मावशी जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांचा विषय निघाला की मला त्या तशाच दिसतात, फरशीवर मांडी घातलेल्या, पदरानं डोळे पुसत, आणि समोर ती आजी, इतक्या वर्षांनी मैत्रिणीचा चेहरा धड दिसला म्हणून तिला डोळे भरून बघत असलेली.