बुलबुलाच्या फांदीची गाठ

नरसय्याकाका काल पहाटे गेले. आणि त्यांना एक गोष्ट सांगायची माझी राहून गेली.

राहून गेली कसली, मीच सांगितली नाही. दोन वर्षं. घाबरट कुठली.

ज्यांना काका माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बागेत सकाळी सहाला पाण्याचे कॅन घेऊन फिरणारे ते उंच, वाळकुडे म्हातारे. आयुष्य गेलं चादरीच्या लूमवर. रिटायर झाल्यावर मुलानं सेकंडहॅण्ड कॅमेरा घेऊन दिला आणि माणूस पक्ष्यांच्या नादाला लागला.

आम्ही सहा-सात जण ऑफिसच्या आधी तासभर तिथं फोटो काढतो. काका आमचे न नेमलेले हेडमास्तर.

उन्हाळ्यात तर फारच कडक. आधी झाडाखालच्या मातीच्या परळात पाणी, मग कॅमेऱ्याला हात.

"आपण चहा पिऊन आलाव की. त्यांनी कुटं जायचं?"

मला ते 'अम्मा' म्हणायचे. त्यांच्या घरात तेलुगू, लेकीला अम्माच म्हणतात. सुरुवातीला मी भडकायचे, "काका, मी काय एवढी म्हातारी दिसते का हो?"

नुसते हसायचे.

घरट्याचा फोटो काढताना पानं मध्ये येतात. तेव्हा काका खिशातून चादरीचा लाल दोरा काढायचे. फांदी अलगद बाजूला बांधायची आणि दोऱ्याचं दुसरं टोक स्वतःच्या बोटाला बांधायचं.

"माणूस इसरतंय, अम्मा. बोट न्हाय इसरत. फांदी सोडल्याबिगर घरीच जाता येत न्हाय."

चार फोटो झाले की फांदी लगेच जागेवर.

मला हे जाम विनोदी वाटायचं. बोटाला दोरा बांधून फोकस कसा करायचा, सांगा बरं.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. मेंदीच्या कुंपणात बुलबुलाचं घरटं होतं, आत दोन पिल्लं.

त्या सकाळी आधी काकांनी फोटो काढले आणि ते पुढच्या झाडांकडे गेले. मग माझी पाळी. त्यांनीच दिलेल्या दोऱ्यानं मी फांदी बांधली.

बोटाला नाही बांधला.

तेवढ्यात ऑफिसातून फोन. "मॅडम, साहेब आलेत, कपाटाची चावी तुमच्याकडं हाय!"

बोलत बोलतच मी गाडी काढली आणि निघाले. फांदी तशीच बांधलेली राहिली.

दिवसभर ते घरटं उघड्या उन्हात. आणि ऊन सोलापूरचं. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही.

मला दिवसभरात एकदाही आठवलं नाही. एकदाही.

दुसऱ्या दिवशी गेले तर कुंपणापाशी सगळे गोळा झालेले. दोन्ही पिल्लं मेली होती. त्यांची आई चोचीत किडा धरून समोरच्या तारेवर बसली होती.

काकांनी गाठ सोडली. दोरा हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले.

ग्रुपमधल्या एकानं विचारलं, "कुणी बांधलं हे?"



मग काकाच म्हणाले, "दोरा माजाच हाय. मीच इसरलो आसंन."

आणि मी, ही एवढी तोंडाळ बाई, गप्प बसले. म्हटलं, दोन दिवसांनी निवांत सांगू.

आमच्यात एक ठरलेलं आहे. ज्याच्या हातून घरटं जाईल, त्यानं तो उन्हाळा कॅमेरा घरी ठेवायचा. हा नियमही काकांचाच. त्यांनी कॅमेरा घरी ठेवला.

आणि नेमका त्याच उन्हाळ्यात आमच्या बागेत स्वर्गीय नर्तक पक्षी आला. पांढराशुभ्र, लांबलचक शेपटीचा नर. काकांनी भरलेल्या परळात झेपावून अंघोळ करत होता. त्याच्या एका फोटोसाठी काका किती वर्षं थांबले होते, ते आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

ते दहा फुटांवर रिकाम्या हातानं उभे होते.

मी माझा कॅमेरा पुढे केला. "घ्या ना काका, एकच."

"नको. ठरलंय ते ठरलंय. तू काढ की."

मी काढला. तुम्ही सगळ्यांनी धडाधड लाइक केलेला तो हाच फोटो. आज डिलीट केलाय.

त्यानंतर रोज पाणी भरून झालं की काका माझ्या बाकावर येऊन टेकायचे. उन्हाचं बोलायचे, नातवाचं बोलायचे. मग विचारायचे, "आजून काय, अम्मा?"

"काही नाही, काका."

दोन वर्षं हेच. मला वाटायचं, त्यांची बोलायची सवय आहे.

पुढच्या उन्हाळ्यात काकांचा कॅमेरा परत आला. नर्तक काही आला नाही. यंदाही नाही. आणि काल पहाटे हार्ट अटॅक.

मी काकांच्या घरी गेले. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाया पडायला वाकले आणि तिथंच बांध फुटला.

"काकू, ती फांदी मी बांधली होती. काकांनी नाही हो."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"म्हाईत हाय. त्यांना त्याच दिवशी कळलं हुतं. घरी येऊन म्हनले, गाठ माजी न्हाय. जन्मभर तुटलेला धागा जोडत आलेला माणूस, आपली गाठ वळखत न्हाय व्हय?"

"मग स्वतःवर का घेतलं?"

"म्हनले, पोरगी लई भेदरलीय. सांगंल आपनहून. मी इचारत राहतो."



आज सकाळी सगळी परळं भरली. यंदाचा उन्हाळा माझा कॅमेरा घरी राहणार. दोन वर्षं उशिरा का होईना. मग बाकावर बसले. शेजारी कुणी येऊन टेकलं नाही.

काका, तुम्ही रोज विचारत होतात.

ती फांदी मी बांधली होती. पिल्लं माझ्यामुळं गेली. तुमचा नर्तकही माझ्यामुळंच हुकला.

अजून काही नाही, काका. आता खरंच काही नाही.

भरल्या डोळ्यांनी नमस्कार.

तुमची अम्मा