शनवारकाकीची दारफाळणी

शनिवारी शनवारकाकीच्या घरचा बैलसुद्धा काम करत नसे. गावातले बाकीचे बैल वर्षभर राबत. हा मात्र आठवड्यातून एक दिवस घाण्यापाशी पाय पसरून रवंथ करत बसे आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे अशा नजरेनं बघे, की सगळा धर्म याच्याच जिवावर टिकलाय. काकीचं घराणं इस्राएली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. नागावात, किहीमला, अलिबागेत त्यांची घरं पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळत आलेली. शनिवारी घाणा बंद, चूल बंद, देणंघेणं बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही.

तिचं खरं नाव रिबकाबाई. मुंबईच्या इस्पितळात ती नर्सिंग शिकली, तिथंच विधवा झाली आणि मुलाला घेऊन सासरच्या घाण्यावर परत आली. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षा-दोन वर्षांत मी लग्न होऊन नागावात आले, तेव्हा आसपासच्या वाड्यांतली बाळंतपणं तीच करत होती. पांढरं नऊवारी, हातात चामड्याची काळी बॅग, आणि चाल अशी की मागून येणाऱ्याला धाप लागावी. तिची वाडी आणि आमची वाडी यांच्यामध्ये नारळाच्या चुडतांचं कुंपण होतं. त्या कुंपणाच्या अलीकडे माझ्या सासूबाई. सासूबाईंचा आवाज एवढा दणदणीत, की त्यांनी आमच्या ओट्यावरून गड्याला हाक मारली की समुद्रावरचा कोळी मागे वळून बघायचा.

या दोघी एकमेकींच्या धर्माच्या राखणदार होत्या. कोळीण मासळी घेऊन आली की सासूबाई आधी तिची पाटी उपसून बघायच्या. इस्राएलांना खवल्यांचाच मासा चालतो. कोळंबी, चिंबोरी वर्ज्य. "ही चिंबोरी झाक आधी! तिकडं काकीचं सोवळं हाय, हिकडं तू नांग्या दाखवतंस!" असं म्हणून त्या पापलेटं वर काढून ठेवायला लावायच्या. उलट आमच्याकडची एकादशी काकीला पंचांगाशिवाय ठाऊक असायची. कुंपणापलीकडून हाळी यायची, "वयनी, आज एकादशी! भात टाकलास तर बघ!" सासूबाई दोनदा तरी धुतलेले तांदूळ परत सुपात ओतताना मी पाहिल्यात. घटस्थापनेला आमच्या अखंड दिव्याचं तेल काकीच्याच घाण्यावरून यायचं, आणि ते भरून देताना काकी हात धुऊन, डोक्यावर पदर घेऊन देई. देव आमचा असला तरी दिवा विझला तर नाव तिच्या तेलाचं जाईल, असं तिचं म्हणणं.

बाळंतपणात ती आधी पुटपुटत स्वतःची प्रार्थना म्हणायची आणि मग घरातल्यांवर खेकसायची, "माझ्याला मी हाक मारली. आता तुमच्याला तुम्ही मारा. आन पाणी उकळाय ठेवा, ते देव येऊन ठेवणार न्हाय." एका घरी अमावास्या संपेपर्यंत बाळंतिणीला हात लावू नका म्हणून म्हाताऱ्यानं दार अडवलं होतं. काकीनं त्याला बाजूला सारलं आणि म्हणाली, "देवाला थांबता येतं, बाबा. बाळाला येत न्हाय." हे वाक्य पुढे आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांच्या तोंडी झालं. शनिवारी बोलावणं आलं तरी ती जायची. फक्त टांग्यात बसायची नाही, चिखल तुडवत चालत जायची.

पण वर्षातला एक दिवस असा होता, की त्या दिवशी काकीला हाक मारायची कुणाची छाती नव्हती. भादव्या-अश्विनात केव्हातरी तो येई. दारफाळणी, म्हणजे दारं लावून घ्यायचा सण. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवून, पांढरं नेसून ती घरात शिरे आणि दाराला आतून अडसर घाली. मग दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, परक्याशी बोलणं नाही. इस्राएलांतली नवी मंडळी त्या दिवशी अलिबागेत त्यांच्या मशिदीत जाऊन बसत. आपल्या प्रार्थनाघराला ते मशीदच म्हणत. काकी जुन्या वळणाची. ती म्हणायची, "वरीसभराचा हिशेब हाय माझा आन त्याचा. चारचौघांत कशाला?" त्या दिवशी सासूबाई वाडीत नारळसुद्धा पाडू द्यायच्या नाहीत. धप्प आवाज झाला तर काकीच्या प्रार्थनेत खंड पडेल ना!

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या कळा नेमक्या त्याच दिवशी सकाळी सुरू झाल्या.

पाच दिवसांचे गणपती नुकतेच पोचवले होते, पाऊस रिपरिपत होता. सासूबाईंनी ह्यांना बैलगाडी जुंपून अलिबागेला डॉक्टरांना आणायला धाडलं आणि खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या सुईणीला बोलावून घेतलं. ह्यांची गाडी वाटेत चिखलात रुतली, ते आम्हाला संध्याकाळी कळलं. दुपार झाली तरी बाळ येईना. सुईणीनं पोट चाचपलं, तिचा चेहरा उतरला. "पायाळू हाय," ती म्हणाली, "माझ्यानं व्हनार न्हाय. काकीला बोलवा."

सासूबाई मागच्या दारापर्यंत गेल्या आणि तशाच परत फिरल्या. मी म्हटलं, "आई, काकी म्हणतात ना, देवाला थांबता येतं."

"आपल्या देवाला येतं, पोरी," त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या. "आपले चिकार हायत, एक थांबला तर दुसरा बघून घेतो. तिचा एकटाच हाय. त्याला थांबता येतं का न्हाय, कुणाला ठावं? वरसाचा हिशेब हाय तिचा आज. आपल्यापायी मोडला तर तिचं काय व्हईल?"

आज हे सांगताना मला हसू येतं, पण त्या वेळी मलाही त्यांचं म्हणणं पटलं होतं. मीही त्याच घरची झाले होते. कळ आली की मी पदराचा बोळा तोंडात कोंबत होते, माझं ओरडणं कुंपणापलीकडे जाऊ नये म्हणून. सासूबाईंनी सगळ्या घराला तंबी दिली होती: कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, भांडं आपटायचं नाही. स्वतःसुद्धा खुणांनी बोलत होत्या. तारे दिसले की काकीला बोलवायचं, असं ठरलं. पावसाळी आभाळात तारे कधी दिसणार होते देव जाणे. माझे हातपाय गार पडत चालले होते. सुईण कोपऱ्यात बसून देवीला नवस बोलत होती, तोही मनातल्या मनात.

आणि एकदम मागच्या अंगणात कडाकडा आवाज झाला. कुणीतरी चुडतांचं कुंपण मोडत होतं. सासूबाई धावल्या. फाटकापर्यंत वळसा घालायलाही न थांबता शनवारकाकी सरळ कुंपणातून घुसली होती. पांढऱ्या लुगड्याचा काठ फाटलेला, केसांत काटक्या, हातात काळी बॅग.

"तुझ्या घरात आन शांतता?" ती सासूबाईंवर कडाडली. "सकालपासून तुझा आवाज न्हाय. मी म्हटलं, वयनी मेली का काय! वर दुपारी बंब पेटवलास, धूर माझ्या कौलांतून खाली आला. मुंबईत काय गवत उपटाय शिकले का मी? कवापासनं दुखतंय हिला?"

"सकालपासनं," सासूबाई म्हणाल्या. "पण काकी, आज तुझी दारफाळणी..."

"दार माझं हाय. मी लावलं, मी उघडलं. सर बाजूला!"

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. काकीचे थंड, भक्कम हात. तिची ती ओळखीची पुटपुट. "ओरड! पदर काढ तोंडातला. देव बहिरा न्हाय आन मीपण न्हाय, पण तू ओरडलीस तर बाळाला वाट सापडंल." मी ओरडले. काकीच्या मागून सासूबाईही ओरडायला लागल्या, "उदो! उदो!" असा देवीचा पुकारा करत. दिवसभराचा कोंडलेला आवाज त्यांनी एकदम मोकळा सोडला, तो म्हणे थेट समुद्राच्या पुळणीवर ऐकू गेला. आधी पाय आले, मग सगळी मुलगी आली, काळीनिळी. काकीनं तिला उलटी धरून पाठीवर थोपटलं, तोंडातला चिकटा काढला, पुन्हा थोपटलं. मग त्या मुलीनं असा टाहो फोडला, की सुईण म्हणाली, "आजीवर गेलीय."

सगळं आवरल्यावर सासूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. काकीनं मान हलवली. "सूर्य हाय अजून."

"म्हंजे तुझा नेम मोडला न्हाय?"

"मोडंल कसा? आमच्यात सांगितलंय, जीव जात असंल तर आधी जीव, मंग नेम. तुला कुणी सांगितलं, माझ्या देवाला बाळं नकोत म्हणून? वरीसभराचा हिशेब द्यायचा होता ना आज? बरं झालं. एक बाब तरी चांगली मांडता आली." एवढं बोलून ती मोडलेल्या कुंपणातून परत गेली. पलीकडे अडसर सरकल्याचा आवाज आम्ही ऐकला. तारे दिसल्याशिवाय तिनं दार उघडलं नाही.

पुढच्या शनिवारी मारुतीच्या देवळात गाव जमलं होतं. काकी देवळाबाहेर उभी राहिली आणि तिनं अख्ख्या गावाला फैलावर घेतलं. कुणीही, कुठल्याही सणाला, तिच्या किंवा स्वतःच्या, दुखणं लपवलं तर तिच्याशी गाठ आहे, असं बजावलं. लोक खाली माना घालून ऐकत होते. शेवटी पुजाऱ्यानं तिच्या हातावर खोबऱ्याचा प्रसाद ठेवला, तो तिनं पदरात बांधून घेतला. रविवारी चूल पेटल्यावर त्याचीच चटणी केली म्हणे. सासूबाईंनी बाळासाठी नवस बोललेला होता, तोही काकीच्या देवमाणसाला, एलियाहू हन्नबीला. नवसाचा मलिदा काकीनं आमच्यासाठी केला: गोड पोहे, खोबरं, वेलची, वर फळं. सासूबाईंनी तो आधी आमच्या देवघरात दाखवला आणि मगच वाटला.

मुलीचं नाव मुक्ता ठेवलं. पायाळू माणसाचा पाय लागला की कंबरदुखी थांबते, अशी आमच्याकडे समजूत. मुक्ता चालायला लागल्यावर कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागली आणि त्या रांगेत एक दिवस मुंबईत शिकलेली काकीही पालथी पडलेली मला दिसली. मी हसले तर म्हणाली, "हसतंस काय? मीच बाहेर काढलाय तो पाय. पहिला हक्क माझा." कुंपणातलं भगदाड मात्र सासूबाईंनी कधी बुजवलं नाही. गड्यानं चुडतं आणली की त्या म्हणायच्या, "तेवढं सोडून बांध." तीच आमची येण्याजाण्याची वाट झाली.

मग एकेक इस्राएली घर इस्रायलला निघालं. आधी तरुण, मग त्यांची म्हातारी माणसं. काकीचा मुलगा तिकडं जाऊन स्थिरावला आणि तिला बोलवू लागला. काकीनं बरीच वर्षं टाळलं. पण मुक्ता शाळेत वरच्या वर्गात गेली, अलिबागेत बाळंतपणाची सोय झाली, काकीच्या बोटांत पहिली ताकद उरली नाही. एक दिवस ती भगदाडातून आली आणि आमच्या ओट्यावर बसून म्हणाली, "जाते, वयनी. नातवाला बघते." सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या गप्प बसल्या की काय होतं, ते मला चांगलं ठाऊक होतं. मी आत जाऊन रडले.

जायचा दिवस नवरात्रात आला. आमच्याकडे घट बसले की ते उठेपर्यंत सासूबाई अंगण ओलांडत नसत. अखंड दिवा, त्याच्यापाशी त्या. चाळीसेक वर्षांत हा नेम चुकला नव्हता. त्यांचा सख्खा भाऊ अंथरुणाला खिळला होता, तेव्हासुद्धा त्या गेल्या नव्हत्या. काकी निरोपाला आली ती भगदाडाच्या पलीकडेच उभी राहिली, सोवळ्यात शिवाशिव नको म्हणून. "येते ग," एवढंच म्हणाली. रस्त्यावर टांगा उभा होता. रेवसला जाऊन लाँच पकडायची होती.

सासूबाई दिव्यापाशी बसल्या होत्या. एकदम उठल्या. "सूनबाय, दिवा बघ," म्हणाल्या, सोवळ्याच्या लुगड्यानिशी अंगण ओलांडलं, भगदाडातून वाकून पलीकडे गेल्या आणि काकीच्या हातातली काळी बॅग हिसकावून घेतली.

"अगं वयनी! तुझे घट! नेम मोडला की तुझा!" काकी ओरडली.

"देवाला थांबता येतं," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या लाँचीला येत न्हाय. चल."

दोघी म्हाताऱ्या नारळीच्या बागेतून रस्त्याकडे निघाल्या. मला दिवा सोडता येत नव्हता, म्हणून मी दारातूनच बघत राहिले. रस्त्यावर सगळं गाव उभं होतं. काकीनं ज्यांना ज्यांना जगात आणलं होतं, ती सगळी पोरं टांग्याभोवती गोळा झाली होती, मुक्ता सर्वांत पुढे. झाडांमुळे टांगा मला दिसला नाही. पण सासूबाईंचा आवाज ऐकायला मला बाहेर जायची कधी गरज पडली होती?

"बोला, एलियाहू हन्नबीचा..."

आणि नवरात्रातल्या त्या सकाळी अख्ख्या नागावानं उत्तर दिलं, "उदो! उदो!"

टांग्याची चाकं लांब जाईपर्यंत तो पुकारा थांबला नाही. सासूबाई टांग्यात बसून रेवसच्या धक्क्यापर्यंत गेल्या होत्या, ते मला नंतर कळलं. मी आत वळले, डोळे पुसले, हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि दिव्यात तेल घातलं. तेल काकीच्याच घरचं होतं, आणि वात चांगली मोठी जळत होती.