बाटलीवरचा नंबर

फोन आला तेव्हा मी कोळंबी सोलत होते. हात बरबटलेले, म्हणून कोपरानेच स्पीकर दाबला. पलीकडचा माणूस कोल्हापूरचा. आवाज चढवत नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाला, गेल्या आठवड्यात मालवणला आलो होतो, तुमच्याकडून कोळंबीच्या लोणच्याची बाटली नेली. आईने काल दुपारी खाल्लं. आज ती दवाखान्यात आहे, सलाईन चालू आहे. बाटलीवर तुमचा लायसन्स नंबर आहे, तो अन्नखात्याच्या साइटवर टाकून बघितला, तर तिथे असा नंबरच नाही.

"हा नंबर खोटा आहे का?"

मी म्हटलं, खोटा कसा असेल, कागद भिंतीवर लावलाय फ्रेम करून. त्यावर तो म्हणाला, मी तक्रार करणार आहे. बाटलीवरची तारीख वाचून दाखवली आणि फोन ठेवला. उरलेली कोळंबी तशीच राहिली, मांजराने नेली.

आमचं घर रस्त्याला लागून. पुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, एक टेबल, टेबलावर बाटल्या. कोकम आगळ, सुकटाची चटणी आणि कोळंबीचं लोणचं. नवरा पूर्वी ट्रॉलरवर जायचा. पाठ धरल्यापासून घरीच आहे, म्हणजे आमचं सगळं त्या टेबलावर. ते उठलं तर आम्ही उठलो. पण खरं सांगते, त्या दिवशी टेबल माझ्या डोक्यात दुसरं होतं. पहिली होती ती बाई. मी तिला कधी बघितलंही नव्हतं, आणि ती माझ्या हातचं खाऊन खाटेला खिळली होती.

आता त्या नंबराचं सांगते, कारण मूर्खपणा माझाच. धंदा सुरू केला तेव्हा कुडाळच्या सेतूवाल्याने मला तीन कागद काढून दिले. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, उद्यमचं प्रमाणपत्र आणि गुमास्ता, म्हणजे शॉप अ‍ॅक्टचा कागद. कुठला कशासाठी हे त्याने सांगितलं असेलही. मी ऐकलं नाही. मला वाटलं, तीन-तीन कागद झाले, आता कोण माय का लाल विचारतो! त्यातला जो सगळ्यात सरकारी दिसत होता त्याची फ्रेम केली आणि देवाच्या फोटोशेजारी लावली. मग लेबल छापणाऱ्याने विचारलं, बाई, लायसन्स नंबर काय टाकू? मी त्या फ्रेमचा फोटो पाठवला. त्याने त्यातला सगळ्यात लांबलचक नंबर उचलला आणि छापला. लेबलं आली तेव्हा मी शेजारणींना बोलावून दाखवली होती.

फोननंतर मी कपाटाकडे गेले. आमच्याकडे एक रीत आहे, आईने घातलेली. ती वालावलला आंब्याचं लोणचं घालायची. प्रत्येक घाण्यातली एक बाटली गळ्याला लाल दोरा बांधून बाजूला ठेवायची. ती विकायची नाही, कोणाला द्यायची नाही. बाकीचं संपलं की शेवटी ती आपण खायची. आपल्या घरात टिकलं तर लोकांच्या घरात टिकलं. मीही हे पाळते. त्याच तारखेची, लाल दोऱ्याची बाटली कपाटात होती. झाकण उघडलं, वास घेतला. वास चांगला होता. पण नाकावर कोण भरवसा ठेवणार? चमचा घेतला आणि खायला लागले. नुसतंच, भाकरीशिवाय.

नवरा दारात येऊन उभा. काय चाललंय हे त्याला न सांगताच कळलं, फोन त्यानेही ऐकला होता. खाली बसला, हात पुढे केला.

"एकटीच खातंस? माका पण दी. मरूचा आसा तर दोघांनी मरूया."

मला हसायला आलं असतं, पण रडायला आलं. दोघांनी मिळून बाटली निम्मी केली. मग बसलो वाट बघत. दुपार गेली. पोटात जरा गुडगुडलं की मी त्याच्याकडे बघायची, तो माझ्याकडे. संध्याकाळी त्याला ढेकर आली तर मी उठून उभी राहिले. उरलेली बाटली त्याने रात्रीच्या जेवणात संपवली, म्हणाला, अर्धवट परीक्षा कशाला? सकाळी दोघेही ठणठणीत. बाटली मी घासून पालथी घातली. जीव थोडा भांड्यात पडला होता.

नवरा म्हणाला, आता गप बस, कोण येतील तेव्हा बघू. पण माझ्याच्याने बसवेना. भिंतीवरची फ्रेम काढली, टेबलावरच्या नव्या घाण्यातल्या एका बाटलीबरोबर पिशवीत घातली आणि एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या अन्नखात्याच्या कचेरीत गेले. अख्ख्या वाटेवर ती फ्रेम मांडीवर होती आणि मला वाटत होतं, सगळी एसटी तिच्याकडेच बघते आहे.

तिथे एक अधिकारी बाई होत्या, माझ्याहून लहान. मी बाटली दाखवली, फ्रेम दाखवली, फोनचं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. त्यांनी फ्रेम हातात घेतली आणि नंबरवर बोट ठेवलं. म्हणाल्या, हा गुमास्त्याचा कागद, आणि तुमच्याकडे दहाही कामगार नाहीत, म्हणजे हे लायसन्ससुद्धा नाही. मी दुकान उघडलंय असं तुम्ही सरकारला कळवलंत, त्याची ही पोच. उद्यम म्हणजे तुमचा धंदा लहान आहे याची नोंद. पंचायतीचा दाखला म्हणजे गावाची हरकत नाही. खाण्याचं काही विकायचं तर अन्नाची नोंदणी वेगळी करावी लागते, आणि धंदा वाढला की नोंदणीच्या जागी परवाना. ती नोंदणी तुम्ही केलेलीच नाही.

मी म्हटलं, म्हणजे मी खोटा नंबर छापला. त्या म्हणाल्या, नंबर खरा आहे, पण या बाटलीचा नाही. लेबलं काढा, नोंदणी होईपर्यंत विक्री बंद. मग त्यांनी सहज विचारलं, त्या तारखेची एखादी बंद बाटली उरली आहे का?

मी अभिमानाने सांगितलं, होती, आम्ही ती खाल्ली, दोघांनाही काही झालं नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, तीच तर तपासणीला पाठवता आली असती."

चाळीस वर्षं आईने आणि मी दोरा बांधून जी बाटली राखली, ती ज्या दिवशी खरी लागणार होती त्याच दिवशी मी ती पोटात घातली. आणि आम्ही जिवंत आहोत, हे कुठल्या अर्जात लिहिणार? मी उठले तेव्हा बाई म्हणाल्या, नोंदणी झाल्यावर नंबर नीट छापा. तो नंबर तुमच्या मिरवण्यासाठी नसतो. खाणाऱ्याला काही झालं तर त्याला तुमच्या दारापर्यंत येता यावं, म्हणून असतो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. लेबलं पाण्यात भिजवून नखांनी खरवडली. टेबल रिकामं. रस्त्यावर मोटरसायकल थांबली तरी धस्स व्हायचं. पाणी तपासून आणलं, ओट्यावर फरशा घातल्या, अर्ज भरला. नोंदणी हातात आली, पण कोल्हापूरहून कोणी आलं नाही. तक्रार झाली की नाही, दवाखान्यातली ती बाई उठली की नाही, काही कळेना. फोन करायचा धीर होत नव्हता. नव्या लेबलांचा गठ्ठा घरी आला त्या दुपारी मी त्या कोल्हापूरच्या माणसाचा नंबर लावला.

मुलाने नाही, एका म्हाताऱ्या बाईने फोन उचलला. मी विचारलं, बऱ्या आहात ना? ती म्हणाली, आहे बाई, दवाखान्यातून येऊन बरेच दिवस झाले. मग म्हणाली, पण तू कोण?

मी फोन कापला.

नवरा समोरच बसला होता, नवी लेबलं चिकटवत. एक माझ्यासमोर धरलं.

"बाटलयेर नंबर छापलंस, मगे कोण ता सांगूक कित्याक भियातंस?"

मग परत फोन लावला आणि तिने उचलल्याबरोबर सांगून टाकलं की मी मालवणची लोणच्यावाली, तुम्ही खाल्लंत ते माझ्या हातचं. ती म्हणाली, लोणच्याने झालं की आणखी कशाने, डॉक्टरलाही कळलं नाही. तुझ्यामुळे नाही, असं काही ती म्हणाली नाही. मीही ते तिच्याकडून वदवून घेतलं नाही. माझं नाव, गाव आणि घर कुठल्या वळणावर आहे ते सगळं तिला सांगितलं, आणि तिने ते लिहून घेईपर्यंत फोन धरून ठेवला.